लष्करी अधिकारी व्हायचंय? जन्मतारखेपासून सुरुवात करा

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. "सर, पोराला एनडीएला घालायचंय, कुठला क्लास लावू?" मी क्लासचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, "जन्मतारीख काय?" समोरचा गोंधळतो. त्याला वाटतं, मी पत्रिका मागतोय की काय!

मी सातारा जिल्ह्यात गणित शिकवतो. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस फौजेत असतो. अपशिंग्याला तर 'मिलिटरी अपशिंगे' असंच म्हणतात. त्यामुळे शिपायाची भरती कधी, किती धावायचं, कागद कोणते लागतात, हे पारावर बसलेला कुठलाही निवृत्त हवालदार तोंडपाठ सांगतो. अधिकारी कसं व्हायचं, हे मात्र पारावर कळत नाही. ते कळेपर्यंत बहुतेक पोरांचं वय निघून गेलेलं असतं.

आधी तारखांचा हिशेब

एनडीएसाठी, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, तेही अभ्यासक्रम सुरू होतो त्या दिवशी. परीक्षेच्या दिवशी नव्हे. घोळ इथेच होतो. परीक्षा आणि प्रशिक्षणाची सुरुवात यांत आठ ते दहा महिने जातात. उदाहरणार्थ, सप्टेंबर २०२४ ची परीक्षा जुलै २०२५ च्या तुकडीसाठी होती आणि तिला २ जानेवारी २००६ ते १ जानेवारी २००९ या काळात जन्मलेलेच बसू शकत होते. यूपीएससी वर्षातून दोनदा ही परीक्षा घेते. बारावीला असतानाही बसता येतं. कागदावर खिडकी तीन वर्षांची दिसते, पण बारावीची अट धरली तर हाती चार-पाच संधी उरतात. उशिरा शाळेत गेलेल्या पोराला त्याहूनही कमी.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर जन्मतारीख लिहा आणि तिच्याखाली कोणकोणत्या परीक्षांना बसता येईल ते मांडा. तारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच धरतात, नंतर बदलून मिळत नाही. त्याच बैठकीत नावही तपासा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आईचं नाव एकीकडे 'सुनिता' तर दुसरीकडे 'सुनीता', हे आपल्याकडे सर्रास असतं. दुरुस्ती अकरावीतच उरकून टाका.

बारावीला कोणती शाखा? भूदलासाठी कोणतीही चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. माझं मत विचाराल तर गणित सोडूच नका. लेखी परीक्षेत गणिताचा पेपर सगळ्यांनाच आहे, कला शाखेच्या मुलालाही.

मुलींसाठी हे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने उघडलं. पहिल्या १७ मुली मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. तेव्हा "पोरीला चालतं का हो?" हा प्रश्न आता विचारू नका.

शाळेपासूनच सुरुवात करायची असेल तर

साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ सालची, देशातली पहिली. प्रवेश सहावीत आणि नववीत, अखिल भारतीय प्रवेश परीक्षेतून. पण ज्यांना दहावीपर्यंत काही सुचलेलंच नसतं (आणि असेच जास्त), त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. लोक तिला एसपीआय म्हणतात. राज्य सरकारने १९७७ मध्ये काढली. दहावीनंतर लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुलं निवडतात, अकरावी-बारावीची दोन वर्षं ठेवून घेतात आणि एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. दहावीच्या वर्षातच जाहिरातीवर लक्ष ठेवा. निकाल लागल्यावर जागं झालं तर गाडी गेलेली असते.

एसपीआयला नंबर लागला नाही म्हणून काही बिघडत नाही. दरवर्षी साध्या कनिष्ठ महाविद्यालयातली मुलंही निवडली जातात.

लेखी परीक्षा: सगळं यावं लागत नाही

दोन पेपर, प्रत्येकी अडीच तास. गणिताचे ३०० गुण, १२० प्रश्न. सामान्य क्षमता चाचणीचे ६०० गुण, १५० प्रश्न, त्यात इंग्रजीचे २०० आणि सामान्य ज्ञानाचे ४००. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांनी गणिताच्या संज्ञा अकरावीपासूनच इंग्रजीत वापरायला लागावं. 'निश्चयक' म्हणजे डिटर्मिनंट, हे परीक्षेच्या खोलीत आठवत बसायला वेळ नसतो.

आता माझ्या आवडीचा हिशेब. लेखीची कटऑफ गेल्या काही वर्षांत ९०० पैकी साधारण २९० ते ३६० च्या पट्ट्यात राहिली आहे, शिवाय प्रत्येक पेपरात किमान गुणांची अट असते. गणितात बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं तर ०.८३ कापतात. समजा ५० बरोबर आणि १० चूक. १२५ वजा ८.३, म्हणजे सुमारे ११७. दुसऱ्या पेपरात बरोबरला ४ गुण आणि चुकीला १.३३ वजा. ७५ बरोबर, ३० चूक धरा. ३०० वजा ४०, म्हणजे २६०. बेरीज ३७७. गणिताचे निम्मे प्रश्न सोडून दिले, तरी गडी पार! पोरं नापास होतात ती न आल्यामुळे कमी आणि न येणारं काळं केल्यामुळे जास्त.

दुसरी चूक चालू घडामोडींची. सामान्य ज्ञानाच्या भागात भौतिकशास्त्राला साधारण २५ टक्के, रसायनशास्त्राला १५, सामान्य विज्ञानाला १०, इतिहास आणि भूगोलाला प्रत्येकी २० आणि चालू घडामोडींना अवघे १० टक्के वजन असतं. तरीही पोरं मोबाइलवर रोज तासभर 'आजच्या टॉप घडामोडी' बघतात आणि आठवी ते दहावीची भूगोलाची पुस्तकं उघडत नाहीत. मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. पहिल्या चार-पाच वेळा गुण बघून रडू येईल, येऊ द्या.

अर्ज भरताना सेवांचा पसंतीक्रम घाईत टाकू नका. हवाई दलाची वैमानिक शाखा मागितली तर वैमानिक निवड चाचणी द्यावी लागते, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. लेखीचा निकाल लागल्यावर दोन आठवड्यांच्या आत सैन्यभरतीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं असतं. ही एक ओळ जाहिरातीत बारीक अक्षरात असते. ती न वाचल्यामुळे घरी बसलेला मुलगा मी पाहिला आहे.

एसएसबी: पाच दिवस, ९०० गुण

लेखीइतकेच, म्हणजे ९०० गुण सेवा निवड मंडळाचे, म्हणजेच एसएसबीचे. इथला मामला वेगळा आहे. बोर्ड तुमची परीक्षा घेत नाही, तुम्हाला निरखतं. मनात काय आहे ते मानसशास्त्रज्ञ बघतात, बोलण्यात काय आहे ते मुलाखत घेणारा अधिकारी आणि करणीत काय आहे ते मैदानावरचा अधिकारी, म्हणजे जीटीओ. मनसा, वाचा, कर्मणा. अधिकाऱ्यात हवेत अशा त्याच पंधरा स्वभावगुणांवर तिघंही स्वतंत्रपणे अंक देतात. तिघांना तीन वेगळे गणपतराव दिसले, की गणपतराव घरी!

मी स्वतः तरुणपणी गेलो होतो आणि पहिल्याच दिवशी परत आलो. त्या दिवशी बुद्धिमापन चाचणी आणि चित्रकथा असते. एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटासमोर मिनिटभरात सांगायची आणि गटाने मिळून एकच गोष्ट ठरवायची. चित्रात एक माणूस झाडाखाली बसला होता. मी पाठ करून नेलेली गोष्ट चिकटवली: रमेशने गावात ग्रंथालय काढलं, सरपंचाने सत्कार केला. बाजूच्या मुलाने साधंच लिहिलं होतं. शेतमजूर दुपारी दमून बसलाय, विहिरीची मोटर जळलीय, संध्याकाळपर्यंत दुरुस्त झाली नाही तर भाजी वाळेल, म्हणून तो शेजारच्याची मोटर मागायला निघतो. त्याचं चेस्ट नंबरसह नाव पुकारलं गेलं. मी दुपारच्या बसने स्टेशनवर पोचलो. चित्रात काय आहे, त्या माणसाची अडचण काय, तो हाती असलेल्या साधनांनी काय करतो, एवढंच तिथे बघतात. सत्काराचं काम नाही.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या. अकरा चित्रं आणि एक कोरं पान, प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट. मग ६० शब्द, प्रत्येक शब्दाला १५ सेकंद, वाक्य लिहायचं. 'पाऊस' शब्द आला तर क्लासवाले 'पाऊस शेतकऱ्याचा मित्र आहे' असलं वाक्य पाठ करून घेतात. त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. 'जूनआधी छप्पर शाकारून घेतलं' यातून कळतं. मग ३० मिनिटांत ६० प्रसंग: रात्री एसटी बंद पडली आणि सोबत आजारी आजी आहे, काय कराल? उत्तरात कृती हवी, भाषण नको. शेवटी स्वतःविषयी लिहायचं: आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात. हे घरूनच विचारून जा. आई काय म्हणते ते ऐकून बऱ्याच जणांची दांडी गुल होते, पण ती बोर्डाच्या आधी गुल झालेली बरी.

मुलाखतीचा पाया म्हणजे सुरुवातीला भरून घेतात तो माहिती फॉर्म. वडिलांचा व्यवसाय, मार्क, खेळ, छंद, घेतलेल्या जबाबदाऱ्या. प्रश्न तिथूनच निघतात. नाशिककडचा एक हुशार मुलगा वडिलांच्या पुढे 'शेती' लिहून गेला. अधिकाऱ्याने विचारलं, एकरी कांदा किती निघतो, लासलगावला गेल्या खेपेला काय भाव मिळाला, पट्टीतून हमाली-तोलाई किती गेली? पोराला पाकिस्तानचा अणुकार्यक्रम तोंडपाठ होता, घरचा कांदा माहीत नव्हता. छंदात 'वाचन' लिहिलं असेल, तर शेवटचं पुस्तक कोणतं आणि त्यात तुम्हाला काय पटलं नाही, हे सांगता आलं पाहिजे. इंग्रजी भारदस्त नको, ओघवतं हवं. रोज संध्याकाळी एका मित्राशी अर्धा तास इंग्रजीत भांडा. विषय क्रिकेटचा असला तरी चालेल.

मैदानावर गटचर्चा, नकाशावरचं नियोजन, फळ्या-दोर-लाकडं घेऊन अडथळे पार करणं, छोटं भाषण, दहा वैयक्तिक अडथळे आणि 'कमांड टास्क' असतं. त्यात तुम्हाला दोन सोबती निवडून काम पार पाडायचं असतं. गावाकडच्या पोरांना मी एकच सांगतो: गणपतीचा मांडव घातलाय ना? दहीहंडीचे थर लावलेत ना? तेच करायचं. कल्पना सुचली तर सांगा, दुसऱ्याची बरी वाटली तर तिला हात द्या, मागे पडलेल्याला ओढून घ्या. ओरडणारा नेता ठरतो हा गैरसमज आहे. दहा अडथळ्यांना तीन मिनिटं मिळतात. जे जमतं ते आधी करा.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. सगळे परीक्षक एकत्र बसतात, तुम्हाला दोन-चार मिनिटं आत बोलावतात. त्या प्रकारच्या प्रवेशासाठी एसएसबीची पहिलीच खेप असेल, तर रेल्वेचं थर्ड एसीचं भाडं परत मिळतं. तिकीट जपून ठेवा.

आणि क्लासचा प्रश्न. नाशिक रोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएस (यूपीएससीची पदवीनंतरची सैन्य अधिकारी परीक्षा) लेखी उत्तीर्ण झालेल्या, एनसीसीतून शिफारस मिळालेल्या किंवा तांत्रिक पदवीधर प्रवेशाचं एसएसबी बोलावणं आलेल्या महाराष्ट्रातल्या उमेदवारांना तिथे एसएसबीची तयारी मोफत करून घेतात, राहणं-जेवणासह. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. एवढी सोय असताना लोक चाळीस-पन्नास हजार मोजतात.

शरीर

वैद्यकीय तपासणी शिफारस झालेल्यांचीच होते, आणि तिथून घरी आलेलं पोर बघवत नाही. अकरावीतच एकदा डोळे (रंग ओळखण्यासह), कान, दात, गुडघे आणि तळपाय दाखवून घ्या. दातांचे किमान १४ गुण लागतात, किडलेले वेळेत भरून घ्या. कानातला मळ काढून जा. चष्मा घालवायला वीस वर्षांच्या आत लेसिक करू नका, ते चालत नाही. आणि टॅटू: कोपर ते मनगट आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागे, एवढीच मुभा आहे, आदिवासी उमेदवारांना काही सवलत सोडून. छातीवर महाराज गोंदवून घेण्याची हौस असेल तर कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळेपर्यंत दम धरा. एकदा अपात्र ठरवलं तरी अपील करता येतं. मुदत कागदावर लिहिलेली असते, ती पाळा.

धावण्याचं म्हणाल, तर १५ मिनिटांत २.४ किलोमीटर, २० जोर, २० सिट-अप्स आणि ८ चिन-अप्स एवढी तयारी करून यावं असं यूपीएससीची जाहिरातच सांगते.

एनडीए हुकली तर

पदवीनंतर सीडीएस: डेहराडूनच्या अकादमीसाठी २४ वर्षांपर्यंत, चेन्नईच्या अकादमीसाठी २५ पर्यंत. चेन्नईच्या पेपरात गणित नसतं, हे भाषा आणि कला शाखेच्या मुलामुलींनी लक्षात ठेवावं. बारावीला भौतिक-रसायन-गणितात ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली असेल तर तांत्रिक प्रवेश. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी, म्हणून कॉलेजात एनसीसी घ्याच. कायद्याच्या पदवीधरांसाठी जॅग, म्हणजे सैन्याची कायदा शाखा. हवाई दलासाठी ॲफकॅट. अग्निवीर ही वेगळी वाट आहे, ती चार वर्षांची आणि त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंतच जवानांना पुढे कायम करणारी. तिची अधिकारी भरतीशी गल्लत नको.

पुढचा टप्पा: रणनीती

एनडीएत तीन वर्षं (पदवी जेएनयूची), मग एक वर्ष आपल्या दलाच्या अकादमीत. लेफ्टनंट झाल्यावर दोन वर्षांनी कॅप्टन, एकूण सहा वर्षांनी मेजर, तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंत ठरावीक परीक्षा देत सेवाकाळाने चढता येतं. कर्नलपासून निवड मंडळ बसतं आणि बरेच चांगले अधिकारी तिथेच थांबतात. हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावं. प्रत्येक जण नरवणे किंवा पांडे यांच्यासारखा लष्करप्रमुख होत नाही.

राष्ट्रीय सुरक्षेच्या पातळीवर विचार करायला शिकवणारी शाळा मेजरच्या वयात लागते: निलगिरीतलं वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज. तिथे स्पर्धा परीक्षा देऊन जावं लागतं. पुढे महूचं आर्मी वॉर कॉलेज आणि ब्रिगेडियरच्या हुद्द्यावर दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज, जिथे सनदी अधिकारी आणि परदेशी अधिकारीही बाकावर शेजारी बसतात.

या सगळ्यात शिकवतात ती एक मांडणी, तिला फौजेत 'ॲप्रिसिएशन' म्हणतात. उद्दिष्ट काय, परिस्थितीचे घटक कोणते, शत्रूला काय करता येईल, आपल्याला काय करता येईल, आणि त्यातलं काय करायचं. आपल्या लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांचं उदाहरण घ्या. पूर्व विभागाचे प्रमुख असताना ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) संरक्षणाविषयी अशीच मांडणी लिहून दिल्लीला पाठवली. सीमेवर नाही, तर आपले रस्ते पोचतात आणि चिन्यांची रसद ताणली जाते अशा मागच्या ठिकाणी मुख्य लढाई द्यावी, असा तिचा गाभा होता. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' या युद्धसरावात तेच घासूनपुसून पाहिलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतलं नाही. दोन वर्षांनी काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. कागद बरोबर असून भागत नाही, तो वाचणाऱ्याला पटवावा लागतो. म्हणून या क्षेत्रात स्पष्ट लिहिणाऱ्याला किंमत आहे.

वर्दीशिवायही या कामात येता येतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, यूजीसी-नेटलाही हा विषय आहे. पुढे संशोधन संस्था: दिल्लीत १९६५ साली स्थापन झालेली आणि आता मनोहर पर्रीकरांचं नाव असलेली संरक्षण अध्ययन संस्था, १८७० पासूनची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन, मुंबईत गेटवे हाऊस. परराष्ट्र सेवा आणि गुप्तवार्ता विभाग याही वाटा आहेत. पगार सुरुवातीला फार नसतो आणि जागा थोड्या, हे सांगून ठेवतो. एखादी परदेशी भाषा, विशेषतः चिनी, नीट येत असेल तर रांगेत बरेच पुढे जाल.

सराव मात्र आजपासून, फुकटात होतो. संरक्षण मंत्रालयाचा वार्षिक अहवाल आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल नेटवर मिळतात. आठवड्याला एक प्रश्न घ्या, उदाहरणार्थ 'मालदीवमध्ये सरकार बदललं तर आपल्या नौदलाला काय फरक पडेल?' भिंतीवर नकाशा लावा, वरची मांडणी वापरून एकाच पानात उत्तर लिहा आणि तारीख टाकून फाइलला लावा. सहा महिन्यांनी तेच पान काढा, लाल पेन घ्या आणि आपला अंदाज कुठे फसला, कोणता घटक धरायचा राहिला, ते समासात लिहा.